वीतभर दोर

अपेक्षाने दोराचं टोक उजेडात धरलं. तंतू विस्कटलेले नव्हते. काप सरळ होता.

"हा तुटला नाही काका. कापला हाये."

गुलाबकाका बैलाला पाणी पाजत होता. त्याने बादली खाली ठेवली. बैलांच्या कोठ्याच्या माळ्यावर त्याने पोत्यात गुंडाळून ठेवलेला दोर पुतणीने शोधून काढला होता.

तीन वर्षांपूर्वी गावचा तलाव फुटायला आला होता. पाणी सोडायच्या दारात वेली अडकल्या होत्या. अपेक्षाचा बाप तुलाराम विळा घेऊन आत उतरला. गावची रीत जुनी. दोराचं एक टोक उतरणाऱ्याच्या कमरेला, दुसरं पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभ्या असलेल्या भावाच्या कमरेला. पाळीवरचा भाऊ रिकाम्या हातांनी उभा राहतो, दोर धरायला दोन्ही हात लागतात. वेली निघाल्या आणि पाण्याने ओढ घेतली. तलाव वाचला. तुलाराम दुसऱ्या दिवशी खालच्या शेतात, धानाच्या बांधीत सापडला.

दोर तुटला, असं काकाने सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून दरवर्षी धानाचा रोवणा तो आधी भावाच्या बांधीत करायचा, मग स्वतःच्या. अपेक्षा त्याला बापाच्या जागी मानत आली होती. म्हणूनच आता तिचा आवाज फाटत होता.

"पानी तुमालेई ओढत होतं. म्हणून कापला ना? काहून खोटं बोलले?"

काका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"तुही माय दोर तुटला समजून जगून राहिली. तिले तसंच समजू दे."

"मी लाखांदूरच्या ठाण्यात चालली."

"साडेदहाची बस हाये," काका म्हणाला. "काही खाऊन जाय."

तिने खाल्लं नाही. दोर पिशवीत कोंबला. आई शेतावर होती. तिच्या पेटीतून अपेक्षाने दवाखान्यातून मिळालेलं बापाच्या कपड्यांचं गाठोडंही घेतलं. पुरावा पुरा हवा होता. तीन वर्षांत ते गाठोडं आईने एकदाही सोडलं नव्हतं.

थांब्यावर चिंचेखाली बसून अपेक्षाने ते सोडलं. निळा शर्ट. वाळून कडक झालेला टॉवेल. त्याच्या आत बापाच्या कमरेचा दोर, गाठ अजून आवळलेली. तिने दोन्ही काप एकमेकांना लावले. बरोबर जुळले.

बस आली. कंडक्टरने दारातून हाक मारली, "चाल वो पोरी! दोराचं तिकीट नाही लागत, तुहंच काढ!"

आतली माणसं हसली. अपेक्षा उठली नाही. कंडक्टरने घंटी दिली. बस गेली.

तिने बापाची गाठ पुन्हा हातात घेतली. गाठीपासून कापापर्यंत बोटं पसरून धरली. बापाच्या बाजूला दोर वीतभरच उरला होता. बाकीचा सगळा, चोवीस-पंचवीस हात, काकाच्या कमरेच्या गाठीसकट तिच्या मांडीवर पडला होता.

आणि विळा त्या दिवशी एकाच भावाच्या हातात होता.