पातळ भिंतींचं घर

"ते कपाट जरा पुढे ओढ बघू," सासूबाई दलालाला म्हणाल्या.

दलालाने कुरकुरत कपाट ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत ओली होती आणि तिच्यावर घाईने ताजा रंग फासलेला होता. नवा रंग, नवा रंग म्हणून तो मघापासून जे कौतुक सांगत होता, त्याचं कारण हे होतं.

"हे नको," सासूबाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

सून मागे निघाली. ओल तिलाही दिसली होती, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण कालच्या घराला काय धाड भरली होती? तिथे ओल नव्हती, नळाला धो धो पाणी होतं, मोरीला वास नव्हता. त्या घराला सासूबाईंनी फार शांत आहे म्हणून नाक मुरडलं. त्याआधीचं का नको, तर उंचावर आहे आणि गॅलरीचा कठडा बुटका आहे. शांतता हा घराचा दोष असतो, हे धंद्यात मुरलेल्या दलालालाही नवीन होतं.

सुनेने मनाशी निदान केव्हाच करून टाकलं होतं. बाईंना मुलगा सोडवत नाही. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि तेवढ्यात तिला सासूचा जाच म्हणजे काय ते पुरेपूर कळलं होतं. तसं टोचून बोलणं नाही की कामाला जुंपणं नाही. पण दोघांनी खोलीचं दार लोटलं रे लोटलं, की बाहेरून "अगं, जरा ये गं" अशी हाक यायची. नवऱ्याचा आवाज थोडा चढला, की या हातातलं काम टाकून दोघांच्या मध्ये येऊन बसायच्या. पस्तिशीपर्यंत बिनलग्नाचा का राहिलास, असं तिने त्याला एकदा विचारलं होतं. "तुझ्यासारखी भेटलीच नव्हती," असं त्याने सांगितलं होतं आणि तिला त्याचा फार अभिमान होता. वेगळं राहायची कल्पनाही त्याचीच. फक्त आपण दोघं, असं तो म्हणाला तेव्हा तिचे पाय जमिनीवर राहिले नव्हते.

सासूबाईंनी विरोध केला नाही. "घर मात्र मी बघणार," एवढंच म्हणाल्या. "भाड्याच्या घराची खोड तुम्हा मुलांना दिसायची नाही."

आणि तेव्हापासून खोड नसलेलं घर काही जगात सापडेना.

पुढचं घर रस्त्याला लागून, तळमजल्यावर होतं. सुनेला ते पाहताक्षणीच आवडलं नाही. खिडकीसमोर वर्दळ, खोल्या काडेपेटीएवढ्या. दलालही हातचं राखून बोलत होता. सासूबाईंनी मात्र कपाट हलवायला सांगितलं नाही, की नळ सोडून पाहिला नाही. त्या भिंतीपाशी गेल्या आणि बोटाच्या पेरांनी ठोकू लागल्या. पलीकडून कुणीतरी खोकलं.

"भिंती जरा पातळ आहेत," दलाल ओशाळून म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

"असू देत," सासूबाई म्हणाल्या. आज पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

त्या थेट शेजारच्या दारात गेल्या. खोकणारी शेजारीण साठीची होती, आणि दार उघडायला तिला वेळ लागला नाही, कारण ती दारामागेच उभी होती.

"इकडचं तुम्हाला ऐकू येतं का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"न यायला काय झालं? आधीच्या नवराबायकोचं भांडण मीच मध्ये पडून सोडवलं."

"दिवसभर घरीच असता?"

"गुडघ्यांनी दावा मांडलाय. जाते कुठे?"

सासूबाईंनी तिला आपला फोन नंबर दिला. "काही ऐकू आलं की मला लगेच कळवायचं. वेळकाळ बघायचा नाही."

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे वेगळं राहूनही पाळत होतीच. घर बघायच्या नावाखाली बाईंनी हेर नेमला होता.

"घर छान आहे," परत आत येत सासूबाई म्हणाल्या. "हेच घ्या."

"मला नाही आवडलं, आई."

"सवय होईल."

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. नवरा होता, आणि खुशीत होता. "आईला म्हणावं, आता बास. मी घर घेऊन टाकलं. किल्ली खिशात आहे. संध्याकाळी सामान हलवू."

"कुठे घेतलंस?"

"वस्तीच्या पार टोकाला. एकटं घर आहे, आजूबाजूला चिटपाखरू नाही. फक्त आपण दोघं."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. तिने फोन ठेवला आणि मुद्दाम एकेक शब्द सावकाश सांगितला. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"शेजारी कुणीच नाही?"

"कुणीच नाही. खोकलासुद्धा ऐकू यायचा नाही."

"तू जाऊ नकोस तिथे. माहेरी जा. आत्ता, इथूनच जा."

"पुरे झालं आता, आई." इतक्या महिन्यांचं साठलेलं एकदम वर आलं. "सरळ सांगा ना. आम्ही दोघं सुखाने राहिलेलं तुम्हाला बघवत नाही."

सासूबाईंनी दलालाला बाहेर थांबायला सांगून दार लावून घेतलं. सुनेचे दोन्ही हात घट्ट धरले. शेजारणीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्या बोलल्या.

"त्याच्या पहिल्या बायकोलाही त्याने असंच एकटं घर घेऊन दिलं होतं."