करंट कुठे अडला

“मारा सेल्फ,” बॉनेटखाली वाकलेला मिस्त्री म्हणाला.

सेल्फ लगेच लागला नाही. काका किल्ली भोकाच्या आजूबाजूलाच टेकवत होते. एक हात त्यांनी स्वेटरच्या खिशातून काढलाच नव्हता. शेवटी किल्ली बसली आणि इंजिन घरघरत फिरलं.

मिस्त्रीने एक प्लग काढून वायरीसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला होता. त्याच्या टोकाशी ठिणगी उडायला हवी होती. उडाली नाही.

“बास.”

तो सरळ झाला तशी कंबर कुरकुरली. सकाळपासून ही कितवी गाडी, हे त्याने मोजणं सोडून दिलं होतं. लोकांच्या गाड्या बंद पडतात म्हणून आपलं घर चालतं, असं तो एरवी स्वतःला बजावायचा. आज तेही पटत नव्हतं.

“कॉइल गेलीय,” काका आतूनच म्हणाले. “बाकी उघडत बसू नकोस.”

“बघतो ना, काका.”

“बघायचं काय त्यात? उभा जन्म गाड्या चालवण्यात गेलाय माझा.”

घराच्या गॅरेजच्या पायरीवर काकांची सून मुलीचं शाळेचं दप्तर शिवत बसली होती. जाड कापडातून सुई जाता जात नव्हती. ती उठून पाणी घेऊन आली आणि पेला देताना हळू आवाजात म्हणाली, “घाई नाही हं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी तुम्हाला फोन केला. पण गाडी महिनाभर उभी राहिली तरी माझी तक्रार नाही.”

“मुलीला शाळेत तेच सोडतात ना?”

“रोज. नजर किती अधू झालीय ते तुम्ही बघताच आहात. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? हे म्हणतात तू सांग, मी म्हणते तुमचे वडील आहेत, तुम्ही सांगा. आज गाडी सुरू झाली नाही, पोर वह्या पिशवीत घालून चालत गेली, तेव्हा खरं सांगते, मला हायसं वाटलं.”

“दप्तराला काय झालं?”

“शाळेच्या जिन्यावरून पडलं म्हणे. डबासुद्धा चेपलाय. वस्तू जपायची म्हणून माहीत नाही पोरीला.”

रिकामा पेला घेताना तिची बोटं काळी दिसली. मिस्त्रीने पाहिलं आणि सोडून दिलं.

मग त्याने कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून उपसली आणि तिचं टोक लोखंडाजवळ धरून पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. टक् टक् करत निळी ठिणगी उडाली. ठिणगीचा करंट तयार करणारी कॉइल चांगली होती. आडात पाणी होतं, पोहऱ्यात येत नव्हतं. म्हणजे करंट टोपणाच्या आतच कुठेतरी अडत होता.

त्याने क्लिपा उचकटून टोपण काढलं आणि नुसता बघत राहिला.

आत रोटर नव्हता. अंगठ्याएवढा तुकडा तो, पण फिरत फिरत एकेका प्लगला करंट वाटायचं काम त्याचं. रोटर झिजतो, तडकतो. उठून फिरायला जात नाही. कुणीतरी क्लिपा उघडून तो काढला होता आणि टोपण नीट बसवून ठेवलं होतं.

लांब पल्ल्याचे जुने ड्रायव्हर मुक्कामाला गाडी चोरीला जाऊ नये म्हणून रोटर काढून उशाशी घेऊन झोपत. काकांनी हे किस्से घरात शंभरदा सांगितले असणार. सूनबाईंनी ते लक्ष देऊन ऐकले होते तर. मिस्त्रीने पायरीकडे पाहिलं. काळ्या बोटांनी ती खाली मान घालून शिवत होती.

त्याला म्हाताऱ्याची दया आली. हे असं पाठीमागून करणं त्याला आवडलं नाही. पण एक पोर रोज या गाडीत बसत होती. त्याने टोपण लावलं आणि हात पुसले.

“काका, तुमचंच खरं. कॉइल गेलीय. आणि या गाडीची कॉइल आता बनत नाही.”

“कुठेच मिळणार नाही?”

“कुठेच नाही.”

तो भांडणाच्या तयारीत होता. काकांनी मात्र स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग “बरं” म्हणाले आणि दाराची कड चाचपत उतरले.

हत्यारांची पिशवी उचलून मिस्त्री पायरीपाशी थांबला. “ताई, जपून ठेवा. त्यांच्या हाती लागू देऊ नका.”

“काय?” ती गोंधळून म्हणाली.

इतका भोळा चेहरा करता येणं हीसुद्धा कलाच, असं मनाशी म्हणत तो निघाला. फाटकापाशी पोचला तर मागून भिंतीला हात लावत काका येत होते.

“ठिणगीचा आवाज ऐकला मी,” ते म्हणाले. “कॉइल ठणठणीत आहे.”

काकांनी स्वेटरच्या खिशातून मूठ बाहेर काढली आणि त्याच्या तळहातावर रोटर ठेवला.

“हा घेऊन जा. घरात राहिला तर कधीतरी मोह होईल मला.”

“मला वाटलं, ताईंनी...”

“तिला यातलं काही माहीत नाही. सकाळपासून दप्तरावरचा टायरचा डाग घासतेय बिचारी, तिला तो चिखल वाटतोय. जिन्याचं पोरीनेच रचलंय, माझ्यासाठी.” काका म्हणाले. “काल गाडी मागे घेताना चाकाखाली काहीतरी आलं. दप्तर होतं नुसतं. पण ते दप्तरच आहे हे मला गुडघ्यांवर बसून हातांनी चाचपेपर्यंत कळलं नाही.”