मेलेल्याचा चेहरा

नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल संगीताच्या पहिल्या पोरांनी तोंडं रंगवली ती राक्षस दिसावं म्हणून नाही, प्रेत दिसावं म्हणून. मनीषनगरच्या हॉलमध्ये बँडचा गायक सुशील हे माइकवरून सांगत होता, तेवढ्यात ड्रमवाल्यानं सुशीलचा फोन पुढे केला. बहीण होती. "दादा, लवकर ये. बाबाचं काही खरं नाही. सकाळपासून तुहंच नाव घेऊन राहिले."

तो तसाच, रंगवलेल्या तोंडानं, गाडीवर बसला.

हॉस्पिटलच्या खोलीबाहेर बहिणीनं, भूमिकानं, त्याला अडवलं. "काहून असा आला? तोंड तं धू पहिले!"

"पाण्यानं निघत नाही वं हे. टाइम नाही."

आत वडिलांनी, रुपरावांनी, डोळे उघडले. समोर पांढराफटक चेहरा, डोळ्यांच्या जागी काळी भोकं. ते घाबरले नाहीत. दारी आलेल्या पाहुण्याला करावा तसा त्यांनी नमस्कार केला.

"आले जी? थांबा ना जराशीक. माहा सुशील येऊन राहिला. त्याले पाहतो, मंग चलू."

"बाबा, मीच आहो ना!"

रुपरावांनी मान हलवली. "आवाजबी त्याचाच काढता? काहून फसवता म्हाताऱ्याले?"

बाबांचे हात अजून जोडलेलेच होते आणि नजर सुशीलच्या खांद्यावरून दाराकडे लागली होती. मग त्यानं स्टेजवरचा तो घोगरा, परका आवाज काढला.

"बरं. थांबतो."

आणि बहिणीकडे खोबरेल तेल मागत तो बाहेर धावला.