अल्लीपूरचा वन्समोअर

“आज बाईचे गाने सुलोचना म्हणते. तू हे वाजव,” असं म्हणत प्रभाकररावाने श्रावणच्या हातात दोन खुळखुळे दिले.

“काऊन? माह्या गळ्याले काय झालं?”

“गळ्याले काई नाई झालं. पोरगी भेटली आता.”

खुळखुळे! स्वरसम्राट ऑर्केस्ट्रात आजवर बायकांची सगळी गाणी ज्याने म्हटली, पोस्टरवर ज्याचं नाव ‘विदर्भकोकिळा श्रावण’ असं छापलं जाई, त्याने आता कोपऱ्यात बसून खुळखुळ करायची! श्रावणच्या भरघोस मिशा थरथरल्या. सिंदीतला एकही बाप आपली पोरगी ऑर्केस्ट्रात पाठवायला तयार नव्हता, तेव्हा हाच गळा कामाला आला होता. आता बोरगाव मेघेची ही कोण सुलोचना, आईला सोबत घेऊन आली, आणि श्रावण लगेच जुना झाला.

बाकी स्वरसम्राट म्हणजे काय, सगळा आनंदच होता. ॲकॉर्डियनचा भाता फाटलेला, बोंगोवाला लग्नाच्या बँडमधून हाकललेला, आणि प्रभाकरराव मालक एवढ्याचसाठी, की माइक अन् ॲम्प्लिफायर त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले. गाण्यातलं त्या ॲम्प्लिफायरला जेवढं कळे तेवढंच त्यालाही कळे. या गबाळ्यांत गाणारा एकटा आपण, हे श्रावणला पक्कं ठाऊक होतं.

“अल्लीपूरलेच ठरवू द्या,” तो म्हणाला. “एक गानं तिचं, एक माह्यं. वन्समोअर ज्याले भेटला, माइक त्याचा. मले नाई भेटला, त जन्मभर हे खुळखुळे वाजवीन.”

“चाल, मंजूर,” प्रभाकरराव म्हणाला. अल्लीपूरच्या गणपतीच्या मंडपामागे, कार्यक्रमाच्या तोंडावर भांडण नको होतं त्याला.

सुलोचना माइकसमोर उभी राहिली आणि पहिल्याच ओळीला श्रावणच्या खुळखुळ्यांचा ताल चुकला. ज्या वरच्या सुरापाशी त्याला दर वेळी मान ताणून गळा आवळावा लागे, तिथून ही पोरगी बोलता बोलता निघून गेली. मंडपातली गडबड थांबली. मांडीवरची लेकरं थोपटणाऱ्या बायांचे हात थांबले. पण शिट्टी? एकसुद्धा नाही! श्रावणचा जीव भांड्यात पडला. पडली म्हणायची बिचारी! आपल्या गाण्याला कशा पहिल्या ओळीपासून आरोळ्या सुरू होतात. तो डोळे मिटून गायचा. एकदा डोळे मिटले की समोर नागपूरच्या आकाशवाणीचा स्टुडिओ दिसायचा. पण आरोळ्या ऐकायला कान उघडेच असत.

दुसऱ्या कडव्याला मागून कोणीतरी ओरडलं, “मिशीवाली आना!” झालं, साऱ्या मंडपाने तेच धरलं. “मिशीवाली! मिशीवाली!” सुलोचनाने दोन ओळी तशाच रेटल्या, मग गाणं सोडून आईजवळ जाऊन बसली. त्या माउलीने श्रावणकडे असं पाहिलं, जणू लोकांना हे त्यानेच शिकवून ठेवलं होतं.

श्रावण उठला. पोरीची कीव वगैरे काही आली नाही त्याला. आतून गुदगुल्या होत होत्या. त्याने डोळे मिटले, त्याच गाण्याचा सूर लावला आणि मंडप शिट्ट्यांनी दणाणला. आज गळाही असा लागला, की ती अवघड जागा पहिल्यांदाच साफ निघाली. आता प्रभाकररावाचं तोंड कसं उतरलंय ते तरी बघावं, म्हणून त्याने गाता गाता डोळे उघडले.

प्रभाकरराव हसत होता. समोर बाया तोंडात पदर कोंबून एकमेकींवर पडत होत्या. एक जण खुर्चीवर चढून कंबर हलवत होता आणि नसलेल्या मिशीला पीळ देत होता. मंडळाचे अध्यक्ष नत्थूजी पहिल्या रांगेत मांडी बडवत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मागच्या पोळ्याला श्रावण मिशी काढायला निघाला, तेव्हा प्रभाकररावाने त्याचा हात का धरला होता, ते आता त्याला कळलं. आख्ख्या मंडपात गाणं ऐकत होती ती एकटी सुलोचना, आणि तीही खाली मान घालून.

हरामखोर साले, श्रावणच्या मनात आलं. यांच्यापुढे गाण्यापेक्षा बैलबाजारात जाऊन गावं. त्याचे कान तापले, गाल तापले. पण गाणं त्याने सोडलं नाही. सोडलं असतं तर माइक गेला असता.

वन्समोअर मिळाला. तो संपल्यावर पुन्हा मिळाला. पैज श्रावणने जिंकली, आणि प्रभाकररावाने माइकवरून ते जाहीरही करून टाकलं, वर विदर्भकोकिळेचा जयजयकार केला.

नत्थूजी स्वतः स्टेजवर चढले. त्यांनी झेंडूचा हार श्रावणच्या गळ्यात घातला, तर श्रावणने त्यांचा हातच धरून ठेवला.

“अध्यक्षसाहेब, खरं सांगा. गळा कसा वाटला?”

“गळा?” नत्थूजींनी दुपट्ट्याने डोळे पुसले. त्यांना या माणसाबद्दल खरोखरच माया आली होती. “लेका, सालभरात असा हसलो नवतो मी. पुढच्या सालीबी तूच येजो. गानं नाई म्हटलं तरी चालते.”