गॅरेजमधलं अंजीर

टोरांटोत हिवाळाभर नवऱ्याचं कुंडीतलं अंजीर गॅरेजमध्ये, आणि माझी गाडी बाहेर बर्फात! तीस वर्षं रोज सकाळी काच मीच खरवडली. वर त्या पानं गळालेल्या झाडाची दया येऊन पाणी घातलं, तर सावेरियो अंगावर यायचा, "फिलोमेना, झोपलंय ते! पाणी घालून दोन झाडं कुजवलीस, याला तरी सोड!"

यंदा त्यानं कुंडी आत ढकलली आणि आठवड्याभरात तो वारला. मी झाडाला म्हटलं, "मला टाकून गेला ना? मग तूही मर. थेंबभर पाणी देणार नाही!" आणि गॅरेजला कुलूप ठोकलं.

एप्रिलमध्ये झाड फेकून द्यायला दार उघडलं, तर फांदीफांदीवर हिरवे कोंब.



तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाचं ऐकलं, आणि "मी सांगत नव्हतो?" म्हणून ओरडायला तो नाही!