बांगड्यांची वाटी

उज्वलाताईंनी निवलेल्या भट्टीच्या झाकणाला हात घातला, तशी कुसाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ताई, हळू उघडा."

कुसाबाई सायखेड्याहून गंगापूर रोडवर फुलं विकायला यायची. उज्वलाताई तिचं रोजचं गिऱ्हाईक. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये काचकाम चालायचं, आणि तिथल्या भिंतीवर एका वाटीचा फोटो होता. रोमन कारागिरांनी रंगीत काचेचे तुकडे शेजारी शेजारी मांडून, भट्टीत एकजीव केलेली वाटी. दोन हजार वर्षं झाली, तरी धड.

ताईंकडून ते ऐकल्यावरच कुसाबाईने लेकीच्या लाल बांगड्यांचा डबा आणून दिला होता. निकिताने स्वतःच्या मनाने देवळाली कॅम्पातल्या एका शिपायाशी लग्न लावलं, म्हणून कुसाबाईने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. लेकही आईवरच गेलेली. तिनेही चार वर्षांत उंबरा चढला नाही. श्रावणात ती तापाने गेली. ज्याला कधी जावई म्हटलं नाही, तोच हा डबा दारात ठेवून गेला.

"माझ्या बी घाला यात," म्हणत कुसाबाईने हातातल्या हिरव्या बांगड्या तिथेच वाढवल्या होत्या.

"मावशी, दोन जातींच्या काचा एकत्र टिकत नाहीत. निवताना एक जास्त आकसते, एक कमी," ताईंनी परोपरीने सांगून पाहिलं होतं. पण कुसाबाई हट्टाला पेटली की देवाचंही ऐकत नसे.

झाकण उघडलं. वाटी अख्खी होती. एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला हिरवी, मधे दोन्ही रंग एकमेकांना चिकटलेले. कुसाबाईने ती ओंजळीत घेतली. कितीतरी दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला.

"आलो बघा एका जागी," ती म्हणाली.

टक्क असा बारीक आवाज झाला. लाल-हिरव्याच्या मधून एक रेघ गेली, आणि वाटीची दोन शकलं तिच्या हातात राहिली.

ताईंनी लाल बांगड्यांचा डबा पुढे ओढला. "डब्यात अजून आहेत. नुसत्या निकिताच्या बांगड्यांची दुसरी करून देते. ती टिकेल."

"टिकंल ना," कुसाबाई म्हणाली. "माझ्यावाचून चांगली नांदत व्हती ती." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. "मला हीच द्या."

ताईंनी रद्दीचे कागद आणले. "दोन्ही तुकडे वेगवेगळे गुंडाळते. नाहीतर बसमध्ये एकमेकांवर आपटतील."

कुसाबाईने कागद बाजूला सारले आणि दोन्ही तुकडे एकाच फडक्यात बांधले.

"आपटू द्या, ताई. तेवढंच बोलणं व्हईल."