कुंकू लागलेली सीडी

सदतीस टक्क्यांवर काम थांबलं आणि पडद्यावर चौकट आली.

'हेमा, फाइल वाचता येत नाही. दसऱ्याला सीडीला कुंकू लावलंस ना? ओल्या फडक्याने पूस. मधून बाहेर. गोल गोल नको.'

तनुजाने ते दोनदा वाचलं. मागे उभी असलेली हेमा हसली आणि लगेच तिने तोंडावर पदर धरला. तनुजाच्या बाबांना जाऊन आज सोळावा दिवस होता.

धायरीत हेमाचं भरतकामाचं मशीन होतं. त्याला जोडलेला कॉम्प्युटर फक्त जुन्या विंडोजवर चाले आणि त्याची हार्ड डिस्क परवा बंद पडली होती. विंडोजची मूळ सीडी इतकी जुनी, की नवी डिस्क तिला दिसतच नसे. त्या सीडीत सर्व्हिस पॅक, म्हणजे विंडोजच्या नंतर आलेल्या सुधारणा, मिसळून दुसरी सीडी करावी लागे. मिसळण्याचा प्रोग्राम बाबांनी स्वतः लिहून हेमाला पेनड्राइव्हवर दिला होता. असं काही त्यांनी लिहिलंय, हे तनुजाला आज सकाळी दारात कळलं.

"मी कारखान्यात बसून करायची, काका फोनवर असायचे," हेमा म्हणाली होती. "एकटीनं धीर होईना, म्हणून इथं कात्रजला आले."

"द्या इकडे. दहा मिनिटांचं काम आहे," तनुजा म्हणाली होती. ती सॉफ्टवेअरमध्येच होती.

आता तिने बाबांच्या कॉम्प्युटरमधून सीडी बाहेर काढली. चकचकीत बाजूला बोटाएवढा लाल डाग होता.

"या बाजूला कुंकू?"

"सगळ्या हत्यारांना लावतो की ताई. हिची हीच बाजू चांगली वाटली. पहिल्यांदा झालं तेव्हा काका अर्धा तास समजावत होते."

"अर्धा तास."

"हां. मग म्हणाले, पुढच्या वर्षी लिंबू ठेव समोर, पण हिला हात लावू नको. तरी लागलंच बघा."

तनुजाशी बाबा फोनवर तीन वाक्यं बोलत. जेवलीस? बरं. ठेवतो.

तिने सीडी पुसली, मधून बाहेर. पुन्हा सुरुवात केली. प्रोग्रामने सर्व्हिस पॅक विचारला. यादीत दोन नावं होती. तनुजाने वरचं निवडलं.

"ताई, त्यो न्हाई. खालचा."

"माहीत आहे मला."

चौकट आली. 'हेमा, पुन्हा वरचा? असू दे. माझीही हीच चूक दोनदा झाली.'

दोनदा. घरात बाबांची चूक झालेली कुणी पाहिली नव्हती. निदान तनुजाने तरी.

"पाणी आत आहे, घ्या तुम्ही," ती म्हणाली. हेमा आत गेली, तेवढ्यात तिने पेनड्राइव्हवरचा सगळा प्रोग्राम बाबांच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. त्यात सगळ्या सूचनांची एक फाइल होती. ती उघडून तिने 'हेमा' शोधलं. सव्वीस ठिकाणी. मग स्वतःचं नाव टाकलं.

'सापडलं नाही.'

तांब्या हातात घेऊन हेमा कधी मागे येऊन उभी राहिली, ते तिला कळलं नाही.

"तुमचं नाव कसं असंल त्यात ताई? त्या तर सगळ्या चुका हायत." तिने तांब्या टेबलावर ठेवला. "काका सांगायचे, माझ्या मुलीला काही सांगावं लागत नाही म्हणून."

"कुणाला सांगायचे?"

"सगळ्यांना."

"मला सोडून," तनुजा म्हणाली, आणि तिने खालचा पॅक निवडला.

सदतीस टक्के गेले. साठ गेले. शंभर झाल्यावर तनुजाने कोरी सीडी घातली, आणि थोड्या वेळाने ती तयार होऊन बाहेर आली. चौकट मात्र आली नाही. प्रोग्राम नुसता बंद झाला.

"झाल्यावर काही येत नाही?"

"न्हाई. झालं की मीच फोन करायची ना." हेमाने सीडी दोन बोटांत कडेला धरून उचलली, शिकवल्याप्रमाणे. गरम होती. "उद्या तीनशे गणवेशांवर शाळेचं चिन्ह भरून द्यायचंय. वाचवलंत तुम्ही."

"मी काय केलं? सगळं लिहिलेलंच होतं."

दारात चप्पल घालताना हेमा म्हणाली, "तिकडं अडलं तर तुम्हाला फोन करू का?"

तनुजाला नाही म्हणायचं होतं. "करा," ती म्हणाली.

जिन्यावरचे पावलांचे आवाज संपेपर्यंत ती दाराशी उभी राहिली. मग आत येऊन बाबांच्या खुर्चीत बसली, उतरवून घेतलेला प्रोग्राम उघडला आणि सीडीचा ड्राइव्ह रिकामा असतानाच 'सुरू' दाबलं.

'हेमा, सीडी घालायची राहिली. घाई नाही. तू शोध, मी थांबतो.'

खाली 'ठीक' असं एकच बटण होतं. तनुजाने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.